हलकं म्हणजे किती हलकं?

मंडळी, परदेशातल्या मराठी घराचं बेसमेंट म्हणजे आपल्याकडचा माळाच. फरक इतकाच की माळ्यावर शिडी लावून चढावं लागतं आणि इथे पायऱ्या उतराव्या लागतात. आमच्या हर्नडनच्या घरात खाली गणपतीचं थर्माकोलचं मखर आहे, मंडळाच्या नाटकातली एक पत्र्याची तलवार आहे, मुलांची वह्या-पुस्तकं आहेत, आणि एका खोक्यात वायरींच्या गुंत्यासकट पाच जुने लॅपटॉप आहेत. टाकवत नाहीत आणि वापरवतही नाहीत, अशा जातीची ही माया.

२०२५ च्या १४ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सांभाळ थांबवला आणि या खोक्यात एकदम भर पडली. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसरही ठरावीक पिढीच्या पुढचा लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा. त्यामुळे धडधाकट चालणारी, की-बोर्डाची सगळी अक्षरं शाबूत असलेली यंत्रं एका तारखेला ‘जुनी’ ठरली. आमच्या ओळखीच्या चार घरांतून मिळून अकरा लॅपटॉप निघाले. त्याच सुमारास रविवारच्या मराठी शाळेच्या बाईंनी विचारलं, “मुलांना मराठी टाइप करायला सहा मशिनं मिळतील का?” म्हणजे मागणी तयार आणि पुरवठाही तयार. मधल्या जागेत मी पडलो, कारण तीस वर्षं कॉम्प्युटरच्या धंद्यात काढलेल्या माणसाला अशा वेळी “मला जमणार नाही” असं म्हणण्याची सोय नसते.

उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होतं: लिनक्स घाला, हलका डेस्कटॉप असलेलं. प्रश्न होता, कोणतं? हा लेख त्या ‘कोणतं’बद्दल आहे. त्याहूनही जास्त, ते ‘कोणतं’ ठरवताना आम्ही जो काटा वापरतो त्या काट्याबद्दल आहे. माझं म्हणणं असं की तो काटाच खोटा आहे.

आपल्या गावाचा या विषयाशी जुना संबंध आहे, तो आधी सांगतो. नव्वदच्या दशकात जगातल्या कुणालाही डॉट कॉम नाव हवं असेल तर त्याची नोंद हर्नडनमध्ये व्हायची. नेटवर्क सोल्युशन्सचं ऑफिस इथे हंटमार पार्क ड्राइव्हवर होतं. १९९५ पासून पहिल्या दोन वर्षांचे शंभर डॉलर लागू लागले तेव्हा आमच्यातल्या कित्येकांनी “नावाला शंभर डॉलर?” म्हणून नाक मुरडलं होतं. (ज्यांनी मुरडलं नाही ते आज माझ्याहून मोठ्या घरात राहतात.) पुढे ॲशबर्नकडे डेटा सेंटरांच्या बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांच्या पोटात बहुतांश लिनक्सच चालतं. जगातले पहिले पाचशे सुपरकॉम्प्युटर २०१७ च्या नोव्हेंबरपासून सगळेच्या सगळे लिनक्सवर आहेत. आपल्यातले निम्मे लोक दिवसा पगार घेऊन लिनक्स सांभाळतात आणि संध्याकाळी घरी येऊन, विंडोजने नाकारलेला लॅपटॉप कुठे नेऊन टाकायचा याची चौकशी करतात. सिल्व्हर लाइन २०२२ साली हर्नडनपर्यंत आली, पण ऑफिसातलं लिनक्स घरापर्यंत काही येत नाही.

ज्यांचा हा धंदा नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लिनक्स हा खरं तर फक्त गाभा, ज्याला कर्नल म्हणतात. लायनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये तो लिहायला घेतला. तो म्हणजे तांदूळ समजा. त्याचा कुणी मसालेभात करतो, कुणी साखरभात, कुणी नुसता वरणभात. हा जो तयार भात आपल्याला मिळतो ते डिस्ट्रिब्यूशन. डेबियन, उबुंटू, मिंट, फेडोरा ही त्यांतली नावं. आणि तो पानावर कसा वाढला जातो, मीठ कुठे, लिंबू कुठे, ते डेस्कटॉप एन्व्हायर्न्मेंट: म्हणजे खालची पट्टी, मेन्यू, खिडक्या, फायली उघडण्याची सोय. एकाच डिस्ट्रिब्यूशनवर वेगवेगळे डेस्कटॉप बसवता येतात. नोम आणि केडीई हे भरलेलं ताट. एक्सएफसीई, एलएक्सक्यूटी, माते ही त्यामानाने सुटसुटीत पानं. आइसडब्ल्यूएम किंवा ओपनबॉक्स यांना तर डेस्कटॉप म्हणणंही जास्त होईल. ते नुसते विंडो मॅनेजर, म्हणजे हातावर घेतलेला प्रसाद.

आता काट्याकडे येऊ. या विषयावरचं कुठलंही परीक्षण वाचा. लेखक यंत्र सुरू करतो, काहीही न उघडता मेमरी किती गेली ते बघतो आणि तो आकडा मथळ्यात देतो. अमुक २५० एमबीत चालतं, तमुकला ७०० लागतात, म्हणून अमुक श्रेष्ठ. मीही हेच केलं. २०१३ चा चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, ४ जीबी रॅम, असा एक लॅपटॉप घेतला आणि चार शनिवार घालवून त्यावर एकामागून एक सगळं चढवून पाहिलं. नोम सुमारे सव्वा जीबी, एक्सएफसीई सातशे एमबीच्या आसपास, एलएक्सक्यूटी त्याहून शंभरेक एमबी कमी, आणि नुसता आइसडब्ल्यूएम अडीचशेच्या घरात. आकडे वहीत लिहिले. खूप समाधान वाटलं.

मग ब्राउझर उघडला. ईमेल, शाळेचं पान, एक व्हिडिओ आणि एका मराठी वर्तमानपत्राचं जाहिरातींनी लगडलेलं मुखपृष्ठ. दोन जीबी गेले. सगळीकडे. एक्सएफसीईवर दोन, आइसडब्ल्यूएमवरही दोनच. लग्नाला निघालेल्या माणसाने चपलेचं वजन करावं आणि डोक्यावरची ट्रंक विसरावी, तसा हा प्रकार. ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारं एक चांगलं एक्स्टेन्शन घातलं तर जेवढी मेमरी सुटते, तेवढी एक्सएफसीई सोडून आणखी हलकं काही घेतल्याने सुटत नाही. आणि जुनी फिरती हार्ड डिस्क काढून साधी एसएसडी बसवली की जो वेग येतो त्यापुढे डेस्कटॉपचा वाद म्हणजे पोह्यांवर खोबरं की शेव, एवढाच उरतो. पहिला खर्च डिस्कवर करा. ती बसवायला एक स्क्रू-ड्रायव्हर आणि अर्धा तास लागतो.

याचा अर्थ डेस्कटॉपला वजन नसतं असा नाही. चार जीबीच्या यंत्रात नोमचा सव्वा जीबी आणि ब्राउझरचे दोन मिळून घुसमट होते, एक्सएफसीईत श्वास घेता येतो. पण सातशेवरून अडीचशेवर जाण्यात जे मिळतं त्याची किंमत कुठेतरी मोजावी लागते, आणि ती कुठे मोजावी लागते हे परीक्षणांत नसतं. कारण ती परीक्षणं लिहिणाऱ्यांना ती मोजावीच लागत नाही. ते इंग्रजीत लिहितात.

आमच्या शाळेत एक आजी येतात. माझ्या मित्राच्या आई. मुलं त्यांना आजी म्हणतात म्हणून आम्ही पन्नाशी-साठीचे बाप्येही आजीच म्हणतो. वय ब्याऐंशी. साताऱ्याला सरकारी कचेरीत मराठी टायपिस्ट म्हणून त्यांनी उभी नोकरी केली. इथे आल्यावर त्या मुलांसाठी गोष्टी लिहितात: त्यांच्या लहानपणच्या, कृष्णाकाठच्या, पुराच्या, कचेरीतल्या. शाळेच्या बाई त्या वर्गात वाचून घेतात. पाठ्यपुस्तकाला नाक मुरडणारी इथली मुलं आजींच्या गोष्टीसाठी गप्प बसतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आजींचा विंडोज १० चा लॅपटॉप त्या अकरांत होता. सगळ्यांत जुना, सगळ्यांत कमी मेमरीचा. म्हणून त्यावर मी सगळ्यांत हलकं जे होतं ते चढवलं. त्याचं नाव सांगत नाही, कारण दोष त्याचा नव्हता, माझ्या काट्याचा होता.

यंत्र भन्नाट सुरू झालं. आजी बसल्या. मराठी टाइप करायला गेल्या तर इंग्रजी अक्षरं. मराठी इनपुटची जी सेवा पाठीमागे चालावी लागते ती त्या अतिहलक्या सेशनमध्ये आपोआप सुरूच होत नव्हती. मी ती सुरू करून दिली. दुसऱ्या दिवशी यंत्र परत चालू केलं, परत बंद. त्यांची जुनी फाइल उघडली तर आत अक्षरं ठीक, पण खिडकीच्या वरच्या पट्टीवर गोष्टीचं नाव फुटलेलं: ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे गेलेली, जोडाक्षरांचे पाय मोडलेले. आजी थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “जाऊ दे रे, मी आपली वहीत लिहिते. तू कशाला त्रास घेतोस?” त्यानंतर दोन महिने शाळेत गोष्ट आली नाही. हातांना संधिवात आहे. की दाबता येतात, पेन फार वेळ धरवत नाही. हे मला नंतर कळलं.

तेव्हा मी वही बंद केली आणि नव्याने विचार केला. मराठी माणसाच्या दृष्टीने डेस्कटॉप तपासायचा तर काय तपासायचं? मी एक वाक्य तयार केलं: “वऱ्हाडातल्या आचाऱ्याने बाळूला ॲल्युमिनियमच्या ताटलीत श्रीखंड वाढलं.” वाक्य म्हणून त्यात काही राम नाही, पण यात मराठीच्या बहुतेक खोड्या आहेत. ‘ऱ्ह’ आणि ‘ऱ्य’ हे आपले खास अर्धे र. ते नीट उमटले नाहीत तर स्वयंपाक करणारा आचारी जाऊन शिकवणारा आचार्य येतो. ‘ळ’ आहे. ‘ॲ’ आहे, जो युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आला. त्याआधी आपण ‘अ’वर चंद्र चिकटवून वेळ भागवत होतो. ‘श्री’ आहे. आणि ‘ल’ आहे, तोही अनेकदा. हे वाक्य मेन्यूत, खिडकीच्या पट्टीवर, फाइलच्या नावात, ब्राउझरमध्ये आणि लिब्रेऑफिसमध्ये, असं पाच ठिकाणी लिहून पाहायचं.

निकाल उद्बोधक निघाला. जीटीके किंवा क्यूटी या साधनांवर बांधलेले डेस्कटॉप, म्हणजे एक्सएफसीई, माते, एलएक्सक्यूटी आणि अर्थात नोम व केडीई, मराठी अक्षरजुळणी अगदी सारखीच करतात. कारण खाली सगळ्यांचं जुळारीकाम करणारी लायब्ररी एकच, हार्फबझ. फायरफॉक्स, क्रोम आणि लिब्रेऑफिसही तीच वापरतात. म्हणजे ‘भारी डेस्कटॉपवर मराठी चांगली दिसते’ हा समज चूक. पण या रेषेच्या खाली गेलात, जिथे विंडो मॅनेजर अक्षरं थेट एक्सएफटीने काढतो, तिथे जोडाक्षर जुळवणारं कुणी नसतं. तिथे मेमरी वाचते ती नेमकी आपल्या वेलांटीच्या जिवावर. इंग्रजी लिहिणाऱ्याला हा फरक जन्मात दिसणार नाही. त्याच्या परीक्षणात ‘काहीच उणं नाही’ असं लिहिलेलं असतं आणि ते त्याच्यापुरतं खरंही असतं.

फॉन्टचीही एक गोष्ट आहे. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श हीच मराठी वळणं धरली. आपण शाळेत तीच गिरवली. बऱ्याच ठिकाणी पडद्यावर मात्र हिंदी वळणाचे ल आणि श दिसतात. रेड हॅटने दिलेल्या लोहित देवनागरी या मुक्त फॉन्टमध्ये दोन्ही वळणं आहेत. मजकूर मराठी आहे हे कळलं की तो आपलं वळण काढतो. मजकूर मराठी आहे हे त्याला सांगायचं कुणी? आपणच: लिब्रेऑफिसमध्ये भाषा मराठी निवडून. नाहीतर लोहितचा खास मराठी फॉन्ट वेगळा मिळतो, तो बसवला की हा प्रश्न राहत नाही. आजींनी पहिल्या दिवशी पडद्याकडे बघून “हा ल हिंदी का?” असं विचारलं होतं आणि मी “तसंच असतं” म्हणालो होतो. तसं नसतं.

आता की-बोर्ड. मंडळी, हा भाग थोडा लांबेल, पण इथे आपल्याच लोकांचं काम आहे. ज्यांना आठवत असेल त्यांना आठवेल, नव्वदच्या सुरुवातीला इथे बसून मराठी छापायची म्हणजे आयट्रान्स. अमेरिकेतल्या अविनाश चोपडे यांनी ते केलं: रोमन अक्षरांत लिहा, देवनागरी छापून घ्या. त्यात ‘ज्ञ’साठी इतर चालींबरोबर डी-एन-वाय ही चालही होती, म्हणजे ‘द्न्य’ असा मराठी उच्चार करणाऱ्यांची दखल होती. तिकडे पुण्यात सीडॅक १९८८ मध्ये सुरू झालं आणि आयआयटी कानपूरला मोहन तांबे यांनी सुरू केलेलं जिस्टचं काम तिथे वाढलं. इनस्क्रिप्ट हा सर्व भारतीय लिप्यांना सारखा असलेला की-बोर्ड रुळला. मुंबईत व्हीजेटीआयचे जितेंद्र शहा आणि त्यांच्या इंडिकट्रान्स गटाने लिनक्सवर मराठी आणण्यासाठी खटपट केली. ‘गार्गी’ हा मुक्त देवनागरी फॉन्ट त्यांचाच. ही सगळी कमाई आज लिनक्समध्ये फुकट पडून आहे. एम१७एन नावाच्या संचात मराठीसाठी इनस्क्रिप्ट, आयट्रान्स, फोनेटिक, गमभन आणि टाइपरायटर असे पर्याय मिळतात. तीस वर्षांपूर्वीचं आयट्रान्स एका क्लिकवर आहे, हे पाहून मला जुना शेजारी भेटल्यासारखं झालं.

व्यवहारात दोन रस्ते आहेत, आणि त्यांतला फरक हलकेपणाशी थेट निगडित आहे. पहिला, एक्स विंडो सिस्टिमच्या की-बोर्डांतच मराठी आहे: एक इनस्क्रिप्ट आणि एक ‘कगप’ पद्धतीचा, मूळ कन्नड गणक परिषदेचा, ज्यात के दाबला की क आणि जोडाक्षरासाठी मध्ये एफ. यासाठी पाठीमागे कुठलीही सेवा चालावी लागत नाही, मेमरी शून्य. एक्सएफसीईच्या की-बोर्ड सेटिंगमध्ये जाऊन तो जोडायचा की झालं. शाळेतल्या मुलांसाठी आम्ही हेच केलं. पाच मुलं कगपवर, आणि एक पठ्ठी हट्टाने इनस्क्रिप्ट शिकते आहे, कारण तिला भावापेक्षा वेगळं काहीतरी हवं आहे. दुसरा रस्ता आयबस ही इनपुटची सेवा चालवून तिच्यात एम१७एनचे पर्याय घेण्याचा. यात थोडी मेमरी जाते, पण बोटांना वर्षानुवर्षं लागलेली सवय सांभाळता येते. आजींची बोटं टाइपरायटरवर घडलेली. तिथे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, इनस्क्रिप्टमध्ये नंतर. चाळीस वर्षांची बोटं ब्याऐंशीव्या वर्षी उलटी फिरवायला सांगणं हा उद्धटपणा आहे. त्यांना आयबसच हवं.

हे सगळं लक्षात घेऊन मग निवडीकडे वळलो, आणि यादी आपोआप आखूड झाली.

लुबुंटूचं नाव ‘हलकं’ म्हटलं की सर्वांत आधी निघतं. ते आज खरं तर सवयीनेच निघतं. २०१८ साली त्यांनी एलएक्सडीई सोडून एलएक्सक्यूटी घेतलं आणि त्याच वेळी स्वतःच जाहीर केलं की जुनी यंत्रं हे आता आमचं मुख्य उद्दिष्ट नाही. वाईट नाही ते, पण बोर्डावर जुनं नाव आणि आत वेगळा पदार्थ. शिवाय उबुंटू आणि तिच्या सगळ्या बहिणींमध्ये फायरफॉक्स २०२२ पासून स्नॅप या बंदिस्त डब्यात येतो. नव्या यंत्रात ते जाणवत नाही, जुन्या यंत्रात पहिल्यांदा उघडताना चहा टाकून येता येतो. पपी लिनक्स आणि अँटिएक्स यांच्याबद्दल मला आदर आहे. दहा-पंधरा वर्षांचं यंत्र जिवंत करण्याची करामत त्यांच्यात आहे आणि ज्याला खटपटीची आवड आहे त्याने जरूर घ्यावं. पण दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या आईला देताना खटपटीची आवड आपली असून चालत नाही. ३२-बिटवाल्यांनी तर आशा सोडलेलीच बरी. डेबियनने २०२५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीत त्यांचा इन्स्टॉलर बंद केला, क्रोमने २०१६ मध्येच पाठ फिरवली होती. अकरांतलं एक यंत्र असं निघालं. ते मी साश्रू नयनांनी रिसायकलिंगला दिलं. (सौ. म्हणते, साश्रू वगैरे काही नव्हतं, मी फक्त पार्किंगमध्ये दहा मिनिटं बसून होतो.)

उरले दोन: लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती आणि एक्सएफसीईसकट डेबियन. एक्सएफसीई हा डेस्कटॉप मला मनापासून आवडतो हे कबूल करतो. ओलिव्हिए फूर्दां यांनी १९९६ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प. २०११ मध्ये नोमने आपला चेहरामोहरा बदलला तेव्हा जो गदारोळ झाला, त्यातून माते आणि सिनेमन जन्मले, आणि एक्सएफसीई मात्र जागचा हलला नाही. मेन्यू होता तिथेच आहे. ज्यांनी विंडोज एक्सपी वापरलं आहे त्यांना नव्याने काही शिकवावं लागत नाही. काहीजण याला कंटाळवाणं म्हणतात. घरातल्या दिव्याचं बटण दर दोन वर्षांनी दुसऱ्या भिंतीवर गेलं तर त्यांना कसं वाटेल, हे विचारून पाहा.

मिंट की डेबियन? मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळतील. स्नॅप त्यांनी २०२० पासून दाराबाहेर ठेवलं आहे, फायरफॉक्स साधा मिळतो, आणि नवख्या माणसाला हाताशी धरून नेण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. डेबियन १९९३ पासून स्वयंसेवकांच्या जोरावर चालू आहे, त्यामागे कंपनी नाही. याचं महत्त्व आपल्यातल्या ज्यांनी ऑफिसात सेंटओएस सांभाळलं त्यांना सांगायला नको. २०१९ मध्ये आयबीएमने रेड हॅट घेतली, २०२० च्या डिसेंबरमध्ये घोषणा झाली आणि २०२९ पर्यंत चालणारं सेंटओएस ८ एका वर्षात, २०२१ अखेर, बंद झालं. त्या नाताळात किती जणांच्या सुट्ट्या बुडाल्या! आणि डेबियनच्या बाराव्या आवृत्तीपासून वाय-फायची फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येते, त्यामुळे जुनं दुखणंही गेलं.

मी डेबियनकडे झुकलो होतो. सौ.ने एक प्रश्न विचारला: “उद्या तू पंधरा दिवस पुण्याला गेलास आणि आजींचं काही अडलं, तर त्यांचा नातू हे निस्तरू शकेल का?” नातू हायस्कुलात आहे. मी त्याला दोन्ही यंत्रं दिली आणि काही न सांगता एक काम दिलं: प्रिंटर जोड, आजीचा की-बोर्ड बसव, अपडेट कर. मिंटवर त्याला चाळीस मिनिटं लागली. डेबियनवर आयबसपाशी तो अडकला आणि मला फोन आला. तिथे निकाल लागला. शाळेच्या सहा आणि आजींच्या एका, अशा सात यंत्रांवर मिंट एक्सएफसीई. माझ्या स्वतःच्या यंत्रावर डेबियन, कारण माझ्यासाठी फोन घ्यायला मीच आहे.

एक गोष्ट जमली नाही, तीही सांगितली पाहिजे. एका स्नेह्यांकडे जुन्या दिवाळी अंकांच्या फायली आहेत, पेजमेकरमधल्या, श्रीलिपीच्या फॉन्टांत, युनिकोडच्या आधीच्या. त्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. फॉन्ट नसला की पानभर नुसती विचित्र चिन्हं. हलका डेस्कटॉप असो की भारी, लिनक्स इथे फारसं काही करू शकत नाही. त्यासाठी विंडोजचं एक जुनं यंत्र इंटरनेट तोडून तसंच ठेवलं आहे, आणि आम्ही तिघंजण सवडीने एकेक पान पीडीएफ करून, मजकूर युनिकोडमध्ये आणतो आहोत. कुणाकडे अशा फायली असतील तर यंत्र टाकण्याआधी बघा. लिनक्स चढवताना डिस्क पुसली जाते आणि ‘आपल्याकडे कॉपी आहे’ असं प्रत्येकाला वाटत असतं.

आजींना नवं मिंट दिलं त्या दिवशी मी शेजारी उभा राहिलो, काही बोललो नाही. त्यांनी चष्मा पुसला, बोटं ठेवली, आणि टाइपरायटरवर मारतात तशी पहिली ओळ जोरात मारली. बहुतेक अक्षरं जागच्या जागी निघाली. तीन-चार वेगळ्या जागी आहेत, त्यांची एक चिठ्ठी त्यांनी स्वतःच लिहून पडद्याच्या कडेला चिकटवली. ‘ल’ पाकळीचा होता. तो बघून त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, बस. पुढच्याच रविवारी शाळेत गोष्ट आली: माहुलीच्या पुरात वाहत आलेल्या दुधाच्या कॅनची. शीर्षक खिडकीच्या पट्टीवर अख्खं होतं. ‘ऱ्ह’ मात्र त्यांच्या लेआउटवर अजून दोन की जास्त दाबून काढावा लागतो, आणि त्यावर इलाज मला सापडलेला नाही. आजी म्हणतात, “राहू दे, वऱ्हाडात माझं कुणी नाही.”